करवंट्यांचे घोडे

आमच्या वाडीत घोडा नव्हता.
जयगडच्या खाडीअलीकडे जनावरं म्हणजे
धाकू डोर्लेकराच्या दोन म्हशी, कुणाकुणाच्या बकऱ्या,
आणि मासळीबाजारातून हाकललेलं एक लंगडं कुत्रं.
तरी दर बुधवारी, रात्री सव्वानऊला
घोडे यायचे.

धाकूच्या पडवीत ट्रान्झिस्टर
पाटावर बसवलेला असायचा, नवऱ्यामुलासारखा.
एरिअलला तांब्याची तार, तार माडाला.
आधी नुसती खरखर,
मग लांबून टप् टप्, टप् टप्,
आणि तो खर्जातला आवाज:
दूर पश्चिमेला, जिथं कायदा संपतो…

पश्चिमेला आमच्याकडे समुद्र होता.
आम्ही वळून अंधारात बघायचो
आणि खात्री करून घ्यायचो.

शेरीफ म्हटलं की अब्बास मजगावकर ताठ बसायचा.
त्याच्या मामाचं नाव शरीफ,
दाभोळच्या लाँचवर तिकिटं फाडायचा.
म्हणून आमचा शेरीफ
खाकी अर्धी पँट घालून, कानावर पेन्सिल खोचून
दरोडेखोरांमागं दौडायचा
आणि एखादा हाती लागलाच
तर आधी सुटे पैसे मागायचा.
शेवंतीला मात्र फरारी डाकू आवडायचा.
त्याला खोकला होता.
खोकणारा माणूस इतका काय वाईट नसतो,
ती म्हणायची.

धाकूलाही खोकला होता.
अमावास्येच्या आसपास त्याची होडी
जाळी न घेता जायची.
सकाळी पुळणीवर
काहीतरी जड ओढल्याचे चर दिसायचे,
आणि भरती ते पुसून टाकेपर्यंत
मोठी माणसं वाऱ्याचं बोलायची.
ट्रान्झिस्टर कुठून आला
आम्ही कधी विचारलं नाही.
ताटातल्या माशाला कोण विचारतं?

त्या बुधवारी
शेरीफ दरीत लोंबकळत होता,
दोराचा एकच पीळ उरलेला,
वर कुणीतरी चाकू उघडला,
टापा जवळ, अजून जवळ,
आणि मग कळलं
की टापांना इंजिन आहे.

कस्टमची जीप करवंदीच्या जाळ्या मोडत उतरली.
साहेब तरुण होता, बुटांत वाळू गेलेली.
अगदी नीट विचारलं त्यानं,
याची पावती आहे का?
धाकू खोकला.
साहेबानं बटण फिरवलं.
दोर तुटला की नाही
ते त्या बटणाच्या आत राहिलं.

पंचनाम्यात आलं:
परदेशी रेडिओ, नग एक, चालू स्थितीत.
गोठ्यात शेणींच्या ढिगाखाली
घड्याळं, नग चौतीस.
प्रत्येकात वेगळे वाजलेले.
जीपमध्ये चढताना धाकूनं
तळपायाची वाळू झटकली,
होडीत चढताना झटकायचा तशी,
आणि आमच्याकडे बघून म्हणाला,
पुढं काय झालं ते ऐकून ठेवा रं.

पुढल्या बुधवारी पाट रिकामा.
शेवंतीनं चुलीपाशी ठेवलेल्या दोन करवंट्या आणल्या
आणि सहज, वैतागून,
पाटावर आपटल्या.
टप् टप्.
आमच्या अंगावर काटा आला.
तेच घोडे!
म्हणजे तिकडे रेडिओच्या बंद खोलीत
कुणीतरी आमच्याच माडाखालचं उचलून
ती सगळी परमुलखातली माळरानं तुडवत होतं.

मग आमचं भांडण जुंपलं.
अब्बास दोर तुटू देईना,
शेवंती चाकू मिटू देईना,
मी दरीत खाली पाणी आणलं,
कारण पडलेल्या माणसाला पोहता येत असणार
याखेरीज मला काही सुचत नव्हतं.

धाकू दीड वर्षानं सुटून आला.
बारीक झालेला, खोकला तेवढाच.
पडवीत बसला आणि पहिलं हेच,
काय झालं रं त्याचं?
आम्ही तिघांनी तीन शेवट सांगितले.
तिन्ही त्यानं विडी विझेपर्यंत ऐकले,
एकालाही खोटं म्हणाला नाही.
मग समुद्राकडे बघत विचारलं,
आणि घोडा?
दरीच्या वर उभा होता ना, तो घोडा?

घोड्याचं
आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.