इझच्या आसपास

सियागंजात, हिंगाच्या घाऊक पेढीवर,
माळ्याच्या जिन्याखाली जो कॉम्प्युटर आहे
त्याची एंटरची कळ पिवळी, हळदीनं.
बाकीच्या कळांवरची अक्षरं पुसून गेलीत.
सकीनाबेनला ती लागतही नाहीत.

दुपारी तिचाच फोन: पोतनीसबाबू, बिल नहीं निकल रहा.
बाकी सगळ्यांचं निघतं,
एकट्या छोट्या मालकाचं अडलंय.

मी पोचलो तेव्हा करडी चौकट स्क्रीनवर तशीच उघडी.
ओके दाबायला कुणी धजावलं नव्हतं.
वाक्यरचनेत चूक, म्हणत होती ती,
इझच्या आसपास.

आसपास.
जसा आमच्याकडे पत्ता सांगतात:
टाकीजवळ या आणि कुणालाही विचारा.

प्रोग्राम माझाच, दोन हजार चारचा.
तेव्हा डोक्यावर केस होते
आणि वायरी पिळाव्यात तशी मी वाक्यं जोडायचो.
हे अधिक ते, अधिक जिथे नाव बरोबर,
मग एक अवतरणचिन्ह, मग गिऱ्हाईक,
मग पुन्हा एक अवतरणचिन्ह.
नाव चिमटीत धरल्यासारखं.
वीस वर्षं त्या चिमटीत सगळे मावले,
खंडेलवाल, छाबडा, सरमंडल, लोखंडवाला.
कुणाच्याच नावाच्या पोटात चिमटा नव्हता.

मग सुरतेहून शिकून नातू आला
आणि स्वतःचं खातं उघडताना
त्यानं स्वतःचं नाव बरोबर लिहिलं.
पाटीवर, पावतीवर, आजोबांच्या वहीत तो मोईज.
तो लिहितो मु'इझ.

यंत्र मुपर्यंत वाचतं. चिन्ह दिसतं.
झालं नाव, म्हणतं.
आणि उरलेला इझ दारात उभा,
ना कर्ता ना कर्म,
कोण आपण, कुणाकडे आलात?

हकीमुद्दीनभाई गल्ल्यावरूनच म्हणाले,
निशान हटा दो ना, आदमी तो वही रहेगा.
खरं सांगायचं तर तीन सेकंदांचं काम.
माझं बोट कळेवर गेलंही होतं.

हे नेमकं काय आहे, मी पोराला विचारलं.
त्यानं नाव सावकाश म्हणून दाखवलं.
घशात, खूप आत,
एक दार अर्धं लागलं आणि उघडलं.
सकीनाबेननं करून पाहिलं.
मी करून पाहिलं, ठसका लागला.
हिंगानंही लागला असेल.

माझी मुलगी पुण्यात दिलेली आहे.
तिच्याकडे फोनवर म्हणालो, मी येऊन राहिलो,
की विहीणबाई कौतुकानं
तेच वाक्य मला नीट करून परत देतात.
मी घेतो. पिशवीत ठेवतो.
इंदूरला उतरलो की सापडत नाही.

तर, उपाय दोन.
एक म्हणजे चिन्ह दोनदा लिहायचं:
यंत्र एक गिळतं, एक माणसाला ठेवतं.
वर्षानुवर्षं चालतं असं, देऊन-घेऊन.
दुसरा जरा खटाटोपाचा.
वाक्यात नाव कोंबायचंच नाही.
तिथे एक प्रश्नचिन्ह मांडून ठेवायचं, पाटासारखं,
आणि नाव मागून येऊ द्यायचं,
आख्खं, जसं असेल तसं.

मी दुसरा घेतला. का, ते विचारू नका,
पैसे तेवढेच मिळणार होते.

साडेआठला यूपीएस कण्हायला लागलं.
डॉट मॅट्रिक्सनं दात खात खात बिल काढलं
आणि मु नंतर क्षणभर, मला वाटलं,
थांबली.
मु'इझनं कागद उजेडात धरला.
रक्कम न बघता घडी घालून खिशात.
आजोबा म्हणाले, अरे, ऑफिस कॉपी!

अशा जोडलेल्या जागा एकसष्ट निघाल्या.
सतरा झाल्या.
काहींच्या डोक्यावर माझाच जुना शेरा: नंतर बघू.
उरलेल्यांवर मी तोच लिहिला,
या वेळी तारीख घालून.

या भाषेत शेरा लिहायचा तर
आधी तेच चिन्ह लावावं लागतं,
एवढंसं, वर लटकलेलं.
त्याच्या पुढचं यंत्र वाचत नाही.

' नंतर बघू