दीड फूट

लूम भंगारवाल्यानं किलोवर नेला.
मागं राहिल्या चार फण्या, एक मोडका धोटा
आणि बापाच्या हातमागाच्या दोन सागवानी फळ्या,
ज्यांच्यावर त्याच्या कोपरांचा तेलकट डाग अजून आहे.
एवढ्यात खुराडं होतं, मी म्हटलं.
नागमणी म्हणाली, होतं. पण कुठं?

मागचं अंगण म्हणजे
मोरी, टाकी, चाक नसलेली लुना,
आणि पलीकडं गंगव्वाची हद्द.
हद्द दिसत नाही.
भिंत बांधतो म्हणाला तिचा नवरा, तो गेला.
बांधतो म्हणाला माझा बाप, विटा आणल्या,
त्या विटांची आमची चूल झाली.

बावीस वर्षं चादरीची किनार विणली मी.
एक तार इकडची तिकडं गेली नाही.
म्हणून ताण्यातला उरलेला लाल दोरा घेतला,
शेवग्याच्या पलीकडून संडासाच्या कोपऱ्यापर्यंत ओढला,
बोटानं छेडून सोडला.
गुणगुणला.
बरोबर आहे, म्हटलं.

गंगव्वा पायरीवर ज्वारी पाखडत होती.
"काय बांधतोस रे मल्लेशा?"
खुराडं, अक्का.
"आमच्यात चालत नाही ते. माहितीय ना?"
तोंड आमच्याकडं करतो. पाठ तुमच्याकडं.
"वास पाठीतनं पण येतोय की."
राख टाकीन रोज.
तिनं सूप आपटलं आणि आत गेली.
हे हो होतं का नाही
ते तिच्या सुनेलाही सांगता आलं नाही.

तीन खड्डे झाले.
चौथा दोऱ्याच्या अलीकडं, हातभर आमच्या बाजूला,
तिथं पहार ठण्णकन वाजली.
माती हातानं काढली.
काळा दगड, डोक्यावर फुली.
मोजणीवाल्यांची फुली.
बाप सांगायचा, तो दगड पुरात वाहून गेला.
सोलापुरात पूर!
इथं पाच दिवसांआड नळ येतो,
आणि मी चाळीस वर्षं त्या पुरावर विश्वास ठेवला.

दगडापासून दोरा दीड फूट.
त्या दीड फुटात आमच्या संडासाची मागची भिंत,
त्यात शेवगा, बुंध्यासकट,
ज्याच्या शेंगा गंगव्वा दरसाल
आमच्याकडून मागून नेते
आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून
शेंगाचटणी भरून पाठवते.

वर बघितलं. पायरीवर कुणी नव्हतं.
खिडकीत पडदा होता, आमच्याच मागावरची
सेकंडात निघालेली मोराची चादर.
हलला.
वाऱ्यानं असेल, म्हटलं.
एप्रिलात, दुपारी चार वाजता, विडी घरकुलात,
वारा.

नागमणीला सांगितलं.
तिच्या मांडीवर सूप, सुपात पानं.
कात्री थांबली नाही.
"खांब जरा बाजूला रोव," एवढंच म्हणाली,
मग बऱ्याच वेळानं,
"दोरा काढून टाक. संध्याकाळी पाय अडकतोय."

खुराडं झालं.
फण्या खिडकीला बसल्या, वारा आत, मांजर बाहेर.
पत्र्यावर भिजवलेली चादर.
दगड मधोमध राहिला, खुराड्याच्या आत,
वरची माती कोंबड्यांनी दोन दिवसांत उकरून काढली.
गावरान चार आणल्या होत्या.
आमच्या घरात कोडी, गंगव्वाच्या घरात कोळी,
रस्त्यावर आलो की दोघंही कोंबडी म्हणतो.
त्यातली तांबडी उन्हाची त्या दगडावरच बसते.
गार लागत असणार.

परवा राख टाकत होतो.
गंगव्वा पायरीवरून, सूप न थांबवता,
"मल्लेशा, तुझी कोळी
माझ्या जागेत बसलीय की रे."

मी वळून बघितलं.
खुराड्याचं दार बंद होतं.
चारही आतच होत्या.

मग आकडी शोधली,
शेवग्याखाली जाऊन उभा राहिलो,
आणि किती शेंगा काढायच्या
तेच कळेना.