शिजायला लागणारा वेळ

गालिसियाच्या कड्यावर गाडी लावली,
चाकांखाली दगड.
रात्रभर वाऱ्याने आमचं घर हलवलं,
कपाटात बश्या दातांसारख्या वाजत राहिल्या.

सकाळी दोसिंदा खालून वर आली,
कमरेला ओला दोर, गुडघा फुटलेला,
जाळीत पेर्सेबेस,
एखाद्या प्राचीन सरड्याची तोडलेली बोटं जणू, नखांसकट.
भाव विचारला, तर म्हणाली,
लाटेला विचारा.

आमच्याच शेगडीवर आधण ठेवलं तिने.
घड्याळ नको, एक प्रार्थना पुटपुटायची
की झालं.

प्रार्थना संपली.
झाकण काही उचललं नाही.
गाडीच्या खिडकीतून एका खडकाकडे बघत
तिने दुसरी धरली,
मध्येच ‘अमारो’ ऐकू आलं.

जरा चिवटच झाले.
खारं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.
आम्ही एकही टाकला नाही.