पाच घरांचा कागद

नावेलीच्या चर्चमागचं सिमेंटचं कोर्ट.
एका खांबावरचा दिवा मघापासून मिचमिचतोय.
मी टेबलावर. निळं पेन, लाल पेन,
आणि प्रत्येक नावापुढे पाच घरं छापलेला कागद.

शेवटची तीन मिनिटं.
एल्विरानं डिचोलीच्या पोरीचा हात धरला, नुसता धरला.
शिट्टी.
पाचवं घर भरलं. मी पाचाची पाटी वर केली.

"पांच न्हय रे सर, स!"
मागून कासिमिरो, तिचा मामा.
तीस वर्षं तारवावर. ह्यूस्टनच्या बंदरात
टीव्हीसमोर जागवलेल्या रात्री त्याला तोंडपाठ.
तिथल्या व्यावसायिक खेळाडूला
सहाव्या फाउलवर बाहेर काढतात.
मी म्हटलं, पैसेवाल्यांना एक चूक जास्त?
"तांचो गेम लांब," तो म्हणाला, "आठ मिनिटां चड."
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
एवढंच दाखवलं, की बाबा, सहावा लिहायला
कागदावर घरच नाही.

एल्विरा टॉवेल तोंडावर घेऊन बाकावर बसली.
एक बूट सोडला, दुसरा तसाच.

संघाचे चार कधीच झाले होते.
आमच्यात मग पाचव्यापासून सरळ दोन फ्री थ्रो,
अट नाही, चौकशी नाही.
कासिमिरो शेंगदाण्याची पुडी पुढे करत सांगतो,
तिथे कॉलेजच्या पोरांना
अर्ध्या डावातल्या सातव्यापासून एकच देतात आधी.
तो पडला, तरच दुसरा.
हुकला की संपलं, चेंडू ज्याला गावेल त्याचा.

डिचोलीची पोरगी रेषेवर. केस मागे सारले.
पहिला रिंगवर आपटून बाहेर.
कुणीतरी शिट्टी मारली, तोंडानं.
दुसरा आत, जाळीलाही कळलं नाही.

"थंय तिका दुसरो मेळ्ळोच नासतो,"
कासिमिरो पुटपुटला, आणि दाणे चावायचा थांबला.

एका गुणानं हरलो.

आता नियमाप्रमाणे मी रिकाम्या घरांवर रेघा मारतोय,
मागाहून कुणी काही भरू नये म्हणून.
एल्विराच्या ओळीत रेघेला जागा नाही.

वास्कोला धाकटा भाऊ आहे माझा.
शिमग्याच्या आधी एकदा फोन केला होता,
उचलला नाही.
मी दुसरा केला नाही,
जणू मला कुणी सांगितलं होतं की
पहिला गेला तरच.

दिवा विझला. परत लागला.
नंबर पाठ आहे.