पाऊण मिलिमीटर

बेरिल ऑक्सली मला भेटली ती एवढीच:
हरभऱ्याच्या डाळीइतकी,
फॉर्मलिनच्या डबीत, वर बारकोड.
बाकीची बेरिल फॉर्मवरच्या ओळींत.
वय एकसष्ट. शेफील्ड. सुऱ्या-काट्यांना पॉलिश, चाळीस वर्षं.
डावा डोळा पुढे आलेला, जरा खाली ढकललेला,
कपाळापर्यंत ठणका.

सर्जन पेल फोनवर जास्त बोलतो.
आधी तिला एका काट्याचे दोन दिसायला लागले.
वाटलं, मोजण्यात चूक होतेय.
सुपरवायझरलाही तसंच वाटलं.
सहा महिने कानाडोळा.
मग त्याने जुने फोटो आणायला लावले:
लग्नातला, स्कारबरोच्या वाळूतला, बसच्या पासवरचा.
पापणी कुठल्या साली उतरली
ते तिनेच बोट ठेवून दाखवलं.
नंतर हा तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, डोक्यावरून पाहिलं.
"समोरून चेहरा सांभाळून घेतो," म्हणाला, "वरून नाही."

मी काप घेतले, केसाहून बारीक. रंग चढवला.
भिंगाखाली
आंबोळी.
खरंच. तव्यावरची, गोल गोल भोकांची.
इथली पुस्तकं हिला चीज म्हणतात.
अशी जाळी पडली की आई खूश व्हायची.
मी खुर्ची मागे सरकवली.

अश्रूंची ग्रंथी ती,
हाडाच्या खोबणीला पाठ लावून बसलेली.
तिथला हा पाहुणा माझ्याकडे दहा वर्षांत तीनदा आला.
नसेच्या कडेकडेने चालतो, बांधावरून चालावं तसा.
म्हणून ठणका.

मीटिंगमध्ये दोन मतं पडली.
डोळ्यासकट सगळी खोबण रिकामी करा.
किंवा डोळा ठेवा, गाठ काढा, शेजारचं हाड काढा, मग किरण.
बेरिल म्हणे म्हणाली,
"राहू दे. नंतर घ्यायचाच झाला
तर कुठे जातोय तो?"

दुसरी डबी. या वेळी अख्खी सुपारी,
काठांना शाई लावलेली.
दोन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहिलं.
मागच्या काठाला,
गाठ आणि शाई यांच्यामध्ये
पाऊण मिलिमीटर.

लिहिलं: काठ मोकळे.
खोडलं.
मागचा काठ मोकळा, पण जवळ.
शब्द याहून रुंद करता येईना.

किरण झाले. त्या डोळ्याला आता स्वतःचं पाणी नाही,
दर दोन तासांनी बाटलीतून घालते.
पुढचं मला ठाऊक नाही.
आमच्या खात्यात खुशाली म्हणजे
नाव परत न येणं.

तरी सोमवारी डब्या उतरवताना
बारकोडच्या आधी नावं वाचते.
आणि कँटीनमध्ये काटा उचलला
की एकच आहे ना,
बघून घेते.