शून्य रुंदीचं अक्षर

कलम चौदा, उपकलम ग:
नोकरीच्या काळात, दिवसा किंवा रात्री,
जे काही सुचेल ते कंपनीचं.
आणि नोकरी सोडल्यावर दोन वर्षं
कुवेतपासून मस्कतपर्यंत
दुसऱ्या कुठल्याही मनी एक्सचेंजसाठी
काही सुचायचं नाही.

रुवीतला तिसरा मजला. एसीखाली बादली.
मारिविक पान उलटून देते, विचारते,
बाहेरचं काही काम करता?

करते.
पण तिला कसं सांगू, की दऱ्या आणि दर्या
यांच्यात जो पापणीएवढा फरक आहे
तो पडद्यावर शाबूत राहावा म्हणून
सात वर्षं जागतेय.
एक डोंगरातल्या. दुसरा हा खाली,
मत्राहच्या धक्क्यावर आपटणारा.
र मोडला की दोन्ही सपाट.

तैसीर आहे सोबत, ओमदुर्मानचा.
तिकडे वीज आली की त्याचं उत्तर येतं.
त्याच्या अरबीलाही तेच लागतं,
शेजारच्या दोघांना हात धरायला लावणारं
एक अक्षर, ज्याची स्वतःची रुंदी शून्य.
छापलं जात नाही.
काढलं की कळतं.
आम्ही कधी भेटलेलो नाही.

किती देतात?
एकदा कुणीतरी लिहिलं होतं, थँक्स.
मग ही स्पर्धा कशी, मारिविक स्वतःशीच पुटपुटते
आणि रकान्यात 'होय' लिहिते.

खाली काउंटरवर एक सेंटरिंगवाला
पावती बोटानं वाचतोय:
बायकोचं नाव, गाव कुऱ्हा. नीट उमटलंय.
तो कोड आमचा. कंपनीनं उचलला, न विचारता.
विचारायचं नसतंच,
मौज तीच होती.

भाडं अकरा तारखेला. व्हिसा यांच्या ड्रॉवरमध्ये.
सही करते, मराठीत: शलाका वऱ्हाडपांडे.
पेनाला ते वळण
कुणी शिकवावं लागत नाही.

रात्री तैसीरला लिहिते:
किल्ल्या आता तुझ्याकडे.
एक चूक राहिलीय, 'गोऱ्ह्या'मध्ये,
ऱ्, ह आणि य एकत्र आले की पापणी गळते.
उपाय मला आज दुपारी सुचला,
सहीनंतर, साधारण चाळीस मिनिटांनी.
म्हणून सांगता येत नाही.
तुला सुचेल. घाई नाही.

ओमदुर्मानला वीज नसावी.
निरोपाला अजून एकच टिक.