पलासियाहून बुएनोस आइरेस

त्या शहरात मी कधी गेले नाही,
पण त्याची छपरं माझ्या हाताखालून गेली आहेत.
चार वर्षं, रात्रपाळी,
पलासियाला तिसरा मजला,
दर छपराच्या चार कोपऱ्यांवर चार टिचक्या,
पाचवी परत पहिल्यावर. घर बंद.
रात्रीत सहाशे घरं बंद करायची.
कमी झाली तर राठी सर खुर्चीमागे येऊन उभे राहतात
आणि काहीच बोलत नाहीत.

वरून बघताना कुठलाच मनोरा उंच नसतो.
नऊ जुलैच्या रस्त्यावर
(रस्ता कसला, नदीच;
एका सिग्नलात पार होत नाही म्हणे)
मधोमध एक पांढरा ठिपका, गव्हाच्या दाण्याएवढा.
तो ओबेलिस्क. मी त्याला सावलीवरून ओळखते.
पहिल्या आठवड्यात माझ्या सगळ्या दिशा चुकल्या.
जुबेरनं वाकून बघितलं, म्हणाला,
"दीदी, ये दुनिया का नीचेवाला माल है,
उधर छाया दक्खन को गिरती है."
तेव्हापासून सकाळी घरी जाताना
मी राजवाड्यापाशी क्षणभर थांबते,
सावली आपल्या जागी आहे ना, बघते.

राष्ट्राध्यक्षांचा वाडा गुलाबी.
चुन्यात बैलाचं रक्त कालवलं होतं, असं तिथले लोक सांगतात.
माझ्या पडद्यावर नुसतं छप्पर दिसतं,
छप्पर करडं आहे.

दक्षिणेला काळ्या पाण्याची एक नदी,
काठावर पत्र्याची घरं,
जहाजांचा उरलेला रंग फासलेली:
डबा संपला तिथे पिवळं संपलं, निळं सुरू.
आमचा नियम असा,
पाच मीटरहून रुंद ती नदी, बाकी नाला.
आमच्या खान नदीला
मी तो नियम लावून बघितलेला नाही.

अकराच्या सुट्टीत जुबेर सराफ्यातून भुट्ट्याचा कीस आणतो.
तिथे तेव्हा दुपारचे अडीच,
माझ्या चित्रात मात्र कायम सकाळ
आणि कायम नोव्हेंबर:
गल्लोगल्ली नीलमोहर,
जांभळा इतका सांडलेला
की फूटपाथची कड सापडत नाही.
शहराच्या नावाचा अर्थ चांगली हवा.
आम्ही खिडक्या उघडत नाही, एसी चालू असतो.

आणि वाड्यासमोरचा तो चौक.
फरशीवर गोल करून पांढरे आकार.
मला आधी वाटलं, वाळत घातलेले पापड.
रुमाल आहेत ते, डोक्याला बांधायचे, रंगानं काढलेले.
मुलं नेली, परत आणली नाहीत.
आया दर गुरुवारी दुपारी तिथे फेऱ्या घालतात,
माझ्या जन्माआधीपासून.
मी विचारलं, काढू का?
राठी सर म्हणाले, "रंग आहे, वस्तू नाही. सोडा."

दादा दर रविवारी मिलच्या फाटकावर जायचे.
मिल बंद, भोंगा बंद, हिशेब बाकी.
इस्त्रीचा सदरा. हातात डबा, रिकामा.
"काय झालं आज?"
"काय व्हायचंय. हजेरी दिली."
पैसे आले तेव्हा दादा नव्हते.
आईनं सही केली, बँकेतच बसून राहिली,
शिपायानं पंखा लावून दिला.

काल आमच्या शहराचं काम आलं.
फाटक नेमकं माझ्या चौकटीत:
झुडपं, एक चिमणी,
तिची सावली उत्तरेला, बरोबर.
फाटकापुढे मात्र जमिनीचा एक तुकडा
घासून गुळगुळीत, काहीच उगवत नाही तिथे.
नियमात त्याला नाव नाही.
मी कड धरून चार टिचक्या मारल्या.
पाचवी मारली नाही.

राठी सर आले,
खुर्चीमागे उभे राहिले.